घसरायचे पैसे

रत्नागिरीत बर्फाला तोटा नाही. मिरकरवाड्याला जा, कारखान्यातून लाद्यांवर लाद्या निघतात, यंत्रात भरडल्या जातात आणि ट्रॉलरच्या पोटात जातात. काही दिवसांनी तोच बर्फ पापलेट-सुरमईच्या अंगाखालून परत येतो आणि जेट्टीवर वितळून आपल्या चपलांत शिरतो. रत्नागिरीकराचं बर्फाविषयीचं सगळं ज्ञान हे असं मासळीबाजारातलं आहे. बर्फ पांढरा दिसला तर टोपलीत हात घालायचा, गुलाबी दिसला तर पुढच्या टोपलीकडे वळायचं. त्यामुळे घरात "यंदा बर्फ बघायला जाऊ या" असा ठराव आला, तेव्हा आत्याने सहज विचारलं, "पिशवी कुठली घेऊ?"

बाकी महाराष्ट्राची तरी काय मिजास! आपल्या राज्याच्या वाट्याचा जो काही नैसर्गिक बर्फ आहे, तो थंडीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर सापडतो, आणि तोसुद्धा गोठलेलं दव. ऊन वर येईपर्यंत त्याचा मुक्काम. तेवढ्यात वर्तमानपत्राचा छायाचित्रकार येऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरचं काश्मीर झाल्याची बातमी छापून येते. तो फोटो बघून आपण पंखा एक नंबरने कमी करतो.

ठरावाला खरा विरोध भावोजींचा होता. भावोजींची पावसकडे हापूसची कलमं आहेत, आणि फेब्रुवारीत बागायतदार घर सोडून तालुक्याला जायलाही कुरकुरतो. मोहोर फुललेला असतो, कुठे कणी धरलेली असते, तुडतुडे आणि फुलकिडी टपलेल्या असतात, फवारणीचं वेळापत्रक डोक्यात चालू असतं. अशा माणसाला गुलमर्गला न्यायचं म्हणजे काहीतरी शेतीविषयक कारण काढणं भाग होतं. ते भाच्याने काढलं. "बाबा, उत्तरेत बर्फ पडून गेला की गार वारे खाली उतरतात, इकडे रात्रीचा पारा उतरतो आणि तेव्हा कुठे तुमच्या कलमांना मोहोर फुटतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग एकदा थंडीचा मूळ पुरवठादार बघून यायला नको?"

भावोजी विचारात पडले. वाशीच्या दलालाशी तीस वर्षं व्यवहार करून पुरवठादाराला समक्ष भेटण्याचं महत्त्व त्यांना पटलेलं होतं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "दर वर्षी उशीर का करतात, तेवढं विचारून येऊ."

तयारीचं वर्णन करत नाही. रत्नागिरीत स्वेटर मिळतो, पण तो शाळेच्या गणवेशाचा. आमच्याकडे रात्री पारा अठरावर आला की माणसं कानटोप्या काढतात आणि एकमेकांना 'काय थंडी, काय थंडी' म्हणत चहा पितात. त्या थंडीच्या मापाने केलेले कपडे गुलमर्गला बनियनच्या जागी चालतात. अखेर लोकरीचा माल कोल्हापूरहून आणला. घाटावरच्यांचं ऋण तिथूनच सुरू झालं, आणि पुढे ते फार वाढलं.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. शेवटचा चढ सुरू होण्याआधी टंगमर्ग लागतं. इथे गाड्या थांबतात, चाकांना साखळ्या बांधल्या जातात आणि प्रवाशांना कोट आणि गमबूट. दोन्ही भाड्याने. टूरवाल्यांनी सांगितलं होतं की कोट घेतल्याशिवाय वर जाऊ नका, आणि कोटवाल्याने सांगितलं की बूट घेतल्याशिवाय कोट देत नाही. भावोजींनी बूट उलटसुलट करून पाहिला. "हे गमबूट? घरी तीन जोड आहेत. पावसाळ्यात पोफळीच्या बागेत याच्याशिवाय पाय ठेवत नाही मी. विमानात घालून आलो असतो." कोटवाल्याला मराठी येत नव्हतं, पण गिऱ्हाईक घासाघीस करतंय एवढं जगातल्या कुठल्याही भाषेत कळतं. त्याने भाव तेवढाच ठेवला आणि चहा मागवला.

माझ्या वाट्याला आलेल्या कोटाला नकली फरची कॉलर होती आणि आतला खिसा खोल होता. त्यात हात घातला तर वेलदोड्याचं एक साल, खाखऱ्याचा चुरा आणि कुणाच्या तरी गोंडोलाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा निघाला. म्हणजे हा कोट माझ्यापेक्षा जास्त वेळा वर जाऊन आलेला होता. मला एकदम धीर आला. ताईच्या खिशात तर चालू स्थितीतलं लिपस्टिक मिळालं. ते तिने कोटवाल्याला प्रामाणिकपणे परत केलं आणि त्याने ते त्याहून प्रामाणिकपणे फळीवर इतर नऊ लिपस्टिकांशेजारी ठेवलं.

आत्याने पाचवारीवर लांब कोट, कोटाखाली गमबूट आणि डोक्याला माकडटोपी चढवली. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारेबुवा फेरनच्या आत दोन्ही हात घेऊन बसले होते. आत कांगडी असणार, निखाऱ्यांची. पोटाशी फेरन फुगलेलं दिसत होतं. आम्ही सहाजण एकमेकांना धरून त्या गोठलेल्या रस्त्यावर बदकांसारखे निघालो, आणि ते म्हातारेबुवा हसले. मोठ्याने नव्हे. ओठाचा फक्त एक कोपरा वर गेला, डोळे दुसरीकडेच वळले. ते हसू मी लगेच ओळखलं. ते आमचं होतं.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यात उभं राहायचा ज्यांना सराव आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सांगली, सातारा, कोल्हापूर, थेट सोलापूरपर्यंतच्या गाड्या येतात. दार उघडल्या उघडल्या माणसं समुद्राकडे पळत सुटतात, जणू भरती त्यांच्यासाठीच थांबली होती. गृहस्थांनी जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली असते आणि लाट कमरेपर्यंत येते. लाट येताना दिसत असते, आवाज करत येत असते, तरी ती आली की सगळे किंचाळतात, आणि ती गेली की पुढच्या लाटेची वाट बघत त्याच जागी उभे राहतात. मग कुणाचा तरी चष्मा जातो. मग सगळे उंटावर बसून फोटो काढतात. आम्ही स्थानिक लोक त्या वेळी शहाळीवाल्याच्या सावलीत हाताची घडी घालून उभे असतो, आणि आमच्या ओठाचा एक कोपरा वर गेलेला असतो. पाहुण्याच्या भाबडेपणावर हसण्याचा हक्क किनाऱ्याच्या माणसाला परंपरेने मिळालेला आहे. तो हक्क डोंगरातल्या माणसालाही असू शकतो, हे टंगमर्गपर्यंत आमच्या ध्यानात आलं नव्हतं. गुलमर्गात आम्ही घाटावरचे होतो.

खरं तर घसरणं हा विषय कोकणाला नवा नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जमीन उताराची, दगड जांभ्याचा आणि जून ते सप्टेंबर त्या जांभ्यावर शेवाळ. घरं वर, विहिरी खाली, देऊळ त्याच्याही खाली, आणि मधे पाखाडी. कोकणी माणसाचं अर्धं आयुष्य न घसरण्यात जातं. अंगणात ब्लीचिंग पावडर टाकायची, पायवाटेवर झावळ्या अंथरायच्या, अंगठा रोवून टाच अलगद ठेवायची, हे शिक्षण शाळेच्या आधी होतं. एवढं करूनही कुणी घसरलाच तर संध्याकाळपर्यंत ती बातमी तीन वाड्यांत पोचते, आणि खुब्याचं हाड असेल तर मुंबईपर्यंत. अशा समाजातल्या माणसाला कुणी सांगितलं, की जगात लोक डोंगराच्या माथ्यावर तिकीट काढून जातात, पायांना गुळगुळीत फळ्या बांधतात आणि घसरतात, शिवाय ते शिकण्यासाठी तासावर शिक्षक ठेवतात, तर तो सांगणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करील. भावोजींनी केली. गुलमर्गला गाडीतून उतरल्यावर स्कीवाल्या गाईडांचा गराडा पडला, तेव्हा त्यांनी दर ऐकून घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घसरायचे पैसे? जुलैत आमच्याकडे ये म्हणावं. फुकट."

गराड्याबद्दल मात्र त्यांना आदर वाटला. व्यवसायातली अशी शिस्त वाशीलाही नाही. घोडेवाला म्हणतो गोंडोला बंद आहे. स्लेजवाला म्हणतो गोंडोला चालू आहे पण चार तासांची रांग आहे, आणि घोडा बर्फात रुतेल. स्कीवाला म्हणतो स्लेज फक्त म्हाताऱ्यांसाठी. स्नो-बाइकवाला काही बोलत नाही, नुसता इंजिन सुरू करतो. सगळ्यांकडे पॉइंट आहेत. महाबळेश्वरपासून काश्मीरपर्यंत भारतातला कुठलाही डोंगर शेवटी पॉइंटांत विभागलेला असतो. इथे 'बॉबी'मध्ये ऋषी कपूर आणि डिंपल ज्या घरात कोंडले गेले ते घर हा पॉइंट आहे, आणि १९७३ पासून आजवर ते सर्वांनी बाहेरून पाहिलेलं आहे.

इंग्रजाला जागांची पारख होती, हे कबूल केलं पाहिजे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये गादीवरून उतरवल्यावर त्याला ठेवायचं कुठे, असा प्रश्न त्यांना पडला. राजा कुणाच्या फारसा नजरेला पडणार नाही आणि त्यालाही कुठे जाता येणार नाही, अशी जागा शोधता शोधता ते रत्नागिरीवर आले. राजा इथे तीस वर्षं काढून १९१६ मध्ये वारला. पुढे सावरकरांनाही १९२४ पासून रत्नागिरीतच स्थानबद्ध केलं. ज्याला खिळवायचं त्याला रत्नागिरी, हे धोरण ठरलेलं. आणि त्याच सुमाराला, १९२७ मध्ये, साहेबलोक स्वतः गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढत होते. दुसऱ्याला बसवायची जागा आणि आपण घसरायची जागा यांत साहेबाने कधी गल्लत केली नाही.

आणखी एक गोष्ट मी भावोजींना मुद्दाम सांगितली. स्कीमध्ये दांड्यांच्या फाटकांमधून नागमोडी खाली यायची जी स्लालम नावाची शर्यत आहे, तिचं आजचं रूप ज्याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडात म्यूरेनला बसवलं, त्या अर्नोल्ड लनचा जन्म मद्रासचा, १८८८ चा. म्हणजे आपल्यासारखाच समुद्रकाठचा माणूस! भावोजी म्हणाले, "मद्रासला पाखाड्या नाहीत. त्याला घसरण्याची हौस राहिली असेल."

गोंडोला चालू होता. कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली ते साल १९९८, आणि गुलमर्गच्या या गोंडोलाचा पहिला टप्पाही त्याच सालचा. दुसरा टप्पा २००५ चा. गुलमर्ग स्वतःच सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाई संपल्यावर आणखी हजार मीटर चढलं की गुलमर्गचं मैदान. तिथून पहिला टप्पा कोंगडूरीला नेतो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत. सहाजणांची काचेची पेटी, आम्ही बरोबर सहा. आत्या दार बंद होताच म्हणाली, "रायगडचा रोपवे बरा होता, लवकर संपायचा," आणि डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं.

मधोमध लटकलेले असताना भावोजींना फवारणी आठवली. पण फोन लागेना. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे त्यांना विमानतळापासून चार जणांनी सांगितलं होतं; त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, पैसे भरलेले असताना फोन का लागू नये, असा त्यांचा तात्त्विक मुद्दा होता. पोस्टपेड फक्त भाच्याकडे. अखेर त्याचा फोन कानाला लावून, खाली देवदारांचे शेंडे बर्फातून वर आलेले, समोर सगळं पांढरंफेक, आणि भावोजी पावसच्या गड्याशी बोलतायत: "औषध वाऱ्याच्या दिशेने मार... नाही, मी हवेत आहे... अरे हवेत म्हणजे हवेत!... तुडतुडा दिसतोय का?" ताईने खिडकीबाहेर बघत विचारलं, "अहो, निदान बघा तरी." भावोजींनी फोनवर हात ठेवून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "बघितलं. छान आहे. एवढी थंडी डिसेंबरात सोडायला काय झालं होतं?"

वर गेल्यावर मात्र ते गप्प झाले. आम्ही सगळेच झालो, त्यात विरळ हवेचा भाग होता. तिथे खरे घसरणारे होते. आखलेली वाट सोडून कोऱ्या उतारावर, कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात उतरणारे देशोदेशींचे लोक, त्यांच्यात काश्मिरी पोरंही. एक पोरगं, चौदा-पंधराचं असेल, आमच्यापासून हाताच्या अंतरावर थांबलं, दस्ताना दाताने ओढून काढला, नाक पुसलं, दस्ताना परत चढवला आणि कड्यावरून खाली दिसेनासं झालं. आत्याने डोळे गच्च मिटले. ते दोन वळणांनंतर खाली ठिपका होऊन दिसलं तेव्हा तिने उघडले.

अशातूनच इथला आरिफ खान वर आला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, पोरगा लहानपणापासून फळ्यांवर. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला एकशेचाळीस कोटींच्या देशातून गेलेला एकमेव खेळाडू तो होता, आणि हिमवादळात झालेल्या जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला. आपल्याकडे पंचेचाळिसाव्याचा पेढा वाटत नाहीत. पण त्या शर्यतीत चाळिसाहून अधिक जण शेवटपर्यंत पोचलेच नव्हते, हे ज्याने एकदा अफरवटवरून खाली वाकून पाहिलंय त्याला पेढ्याच्या दुकानाकडे वळावंसं वाटेल. त्यात लष्कराची शाळाही इथेच आहे, १९४८ पासूनची, उंचावरच्या आणि बर्फातल्या लढाईचं शिक्षण देणारी. परतीच्या वाटेवर एका चौकीपाशी आमची मराठी ऐकून एक जवान पुढे आला. "कुठलं गाव?"

"रत्नागिरी. तुम्ही?"

"तासगाव."

त्याने आमच्या कोटांकडे, बुटांकडे आणि एकमेकांना धरलेल्या हातांकडे एक नजर टाकली. मग अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "आम्ही गेल्या मेमध्ये गणपतीपुळ्याला आलो होतो." पुढे काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

शिकण्याचा कार्यक्रम खाली, गोल्फच्या मैदानालगतच्या हलक्या उतारावर होता. मी स्की केलं नाही. कुणीतरी मोबाइल धरायला हवा होता. आमच्या हिने मात्र दोन तासांचा गाईड ठरवला. स्कीचा बूट ही काय चीज आहे ते सांगायला हवं. तो प्लास्टिकचा, पोटरीपर्यंतचा, चार बकलांचा आणि पुढे झुकलेला असतो, म्हणजे तो घालून सरळ उभं राहायची सोयच नाही. गाईडने एकेक बकल ओढून आवळलं, प्रत्येक वेळी हिने "बास" म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्याने आणखी एक खाच पुढे नेलं. मग तो बूट फळीवर टेकवून टाच दाबली की खटकन आवाज होतो आणि माणूस फळीचा होतो. "मॅडम, घुटना मोडो. आगे देखो. नीचे मत देखो." थांबायचं तंत्र असं, की फळ्यांची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, आणि आतली धार बर्फात रुतवायची. "व्ही बनाओ, मॅडम, व्ही!" वेग जास्त असेल तर व्ही मोठा. बस्स, एवढंच शास्त्र. ही दोनदा बसली, एकदा आडवी झाली, आणि चौथ्या वेळी सरळ तीस-चाळीस फूट येऊन माझ्यासमोर व्ही करून थांबली. चेहऱ्यावर असा भाव, की इतकी वर्षं स्वयंपाकघरात आपण उगाच घालवली.

भाच्याने स्नोबोर्ड घेतला होता, कारण स्की आता वडीलधाऱ्यांची झाली म्हणे. हे खेळणं १९६५ मध्ये अमेरिकेत एका बापाने पोरांसाठी दोन स्की एकमेकींना बांधून केलं आणि १९९८ च्या नागानोपासून ते ऑलिंपिकमध्ये गेलं. दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधून माणसाला उतारावर सोडायचं, ही आमच्या बाजूला खेळाची नव्हे, पंचायतीने द्यायची शिक्षा वाटते. त्यात पुढची धार अडली की माणूस तोंडावर, मागची अडली की पाठीवर, निवड आपली. भाचा दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरत होता. ताई दर वेळी "पडला गं!" म्हणत होती, आणि भावोजी "परत उठला" म्हणून नोंद ठेवत होते.

खरा पराक्रम आत्याचा. तिच्यासाठी स्लेज ठरवली होती. लाकडाची बुटकी घसरगाडी, समोर दोरी. एका माणसाने दोरी खांद्यावर घेऊन तिला उतार चढवायचा, वर नेऊन गाडी वळवायची, स्वतः पुढे बसायचं आणि दोघांनी खाली यायचं. "माताजी, डरना मत." आत्या बसली, हाताने फळी चाचपली आणि म्हणाली, "ही तर विरी!"

पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याचं रुंद, चिवट, आतून गुळगुळीत बूड खाली येतं ती विरी. कोकणात तिच्यावर एकाने बसायचं आणि दुसऱ्याने पानाचा दांडा धरून बागभर ओढायचं, हे सुख पिढ्यानपिढ्यांचं. आत्या सत्तरी ओलांडलेली, पण विरीवर बसण्याचं तंत्र विसरलेली नव्हती: गुडघे जवळ, वजन मागे, साडीचा काठ मुठीत. खाली आली ती एक आवाज न करता. सगळं मैदान किंचाळत होतं; आत्या गंभीर. उतरल्यावर तिने स्लेजवाल्याला विचारलं, "और एक बार कितना?" त्याने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ती अडून बसली, अक्षरशः, म्हणजे स्लेजवरून उठलीच नाही. तिला ओढत नेण्यापेक्षा वर नेणं सोपं, हे त्या बिचाऱ्याला पटलं.

हे सगळं चालू असताना भावोजी आणि हिचा गाईड एका टपरीत नून चहा पीत बसले होते. गुलाबी, खारट चहा. भावोजी पहिल्या घोटाला थबकले, पण परक्या घरी चव बघून नाक मुरडायचं नाही, ही कोकणची रीत. मी आत गेलो तर संभाषण रंगात आलेलं. गाईडची टंगमर्गखाली सफरचंदाची बाग होती. बर्फाचे हे दोन-अडीच महिने स्की, बाकी वर्षभर झाडं. त्याच्या हिशेबात कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलां, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. या चाळिसांत पडलेला बर्फ टिकतो, जिरतो, उन्हाळ्यात पाणी देतो; नंतर पडला तर नुसता दिसायला. सफरचंदालाही थंडीचे ठरावीक तास मिळावे लागतात, नाहीतर बहर बिघडतो. आणि अलीकडे काही भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलं होतं, गोंडोलातून लोक गवत बघत होते. २०२५ मध्ये तर बर्फच पुरेसा नाही म्हणून इथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

"म्हणजे पुरवठादाराकडेच माल नाही," भावोजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. मग हिंदीत त्यांनी आपली बाजू मांडली: डिसेंबर गरम गेला तर मोहोराऐवजी पालवी फुटते, मोहोर उशिरा आला तर आंबा उशिरा, आंबा उशिरा आला तर पाऊस येऊन गाठतो. गाईड मान डोलवत होता. त्याचा माल दिल्लीच्या आझादपूर मंडीत जातो, भावोजींचा वाशीला. दलाल दोन्हीकडे सारखाच बोलतो, हे निघालं. त्याच्या सफरचंदाच्या भावात इराणी सफरचंद येऊन पाय घालतं. इकडे कर्नाटकचा आंबा हापूसच्या पेटीत बसून येतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्याकडेच्या गिऱ्हाइकाला ते दाखवणार कोण? दोघांनीही एकाच वेळी सुस्कारा टाकला आणि आणखी एकेक चहा मागवला. हिमालय आणि सह्याद्री यांच्यात इतकं एकमत मी प्रथमच पाहत होतो. भावोजींनी थंडीच्या उशिराबद्दल त्याला माफ करून टाकल्यासारखं दिसलं.

मग बोलणं व्यवहारावर आलं. मे महिन्यात भावोजींनी एक पेटी हापूस टंगमर्गला पाठवायची, ऑक्टोबरात गाईडने एक पेटी सफरचंद रत्नागिरीला. गाईड म्हणाला, आपकी पेटी में पाँच दर्जन, मेरी पेटी में उससे ज्यादा दाना, तर फरक आंब्यानेच भरा. भावोजी म्हणाले, डझनावर जाऊ नकोस, हापूस आहे तो. गाईड म्हणाला, आपके लिए स्पेशल, घर का माल. भावोजी म्हणाले, माझाही घरचाच, मी काय दुकानातून आणतो? दोघांच्याही ओठाचा एकेक कोपरा वर गेला होता. वाटेत आंबा पिकून नासला तर कुणाचा, हा मुद्दा अर्धा तास चालला आणि दोघांनी तो देवावर सोपवला. राहिलं फक्त वाहतुकीचं भाडं. त्यावर गेल्या आठवड्यापर्यंत तरी तोड निघालेली नाही. भावोजींनी आता खास त्यासाठी पोस्टपेड सिम घेतलंय.